‘आधी करून दाखवा, पसंत पडलं तर पैसे’: बेदाण्याच्या पाउचसाठी पुन्हा फुकट नमुने मागितलेत, काय करू?

कृष्णाकाठची (विश्रामबाग, सांगली)

नमस्कार. मी अकरा वर्षं पॅकेजिंगचं डिझाईन करते. सहा वर्षं पुण्यात एजन्सीत होते, मुलगी झाल्यावर सांगलीला परत आले, आता घरातल्या मागच्या खोलीत माझं टेबल आहे. प्रश्न बेदाण्याचा आहे, पण आधी गेल्या वर्षीची हळदीची गोष्ट सांगते. त्याशिवाय मी एवढी का अडखळतेय ते कळायचं नाही.

गेल्या मार्चमध्ये हळदीच्या एका व्यापाऱ्याने बोलावलं. ओळखीतूनच. घाऊक धंदा पिढीजात, आता स्वतःच्या नावाने २०० ग्रॅमचं आणि अर्ध्या किलोचं पाउच काढायचं होतं. शेठ म्हणाले, "ताई, एक-दोन करून दाखवा, पसंत पडलं की पैशाचं बोलू." मी हो म्हणाले. सांगलीत येऊन दोनच वर्षं झाली होती आणि लग्नपत्रिका, हॉटेलची मेन्यूकार्डं यापलीकडे काही हातात नव्हतं. हळद म्हणजे आपल्या गावाचं काम. २०१८ ला सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून मला हळदीचं पाउच करायचं होतं.

मी हरिपूरला गेले, पेवं बघायला, म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठारं. लहानपणी आजोबांबरोबर बघितली होती, नीट आठवत नव्हती. महापुरांत पाणी शिरून बरीच पेवं गेली, पण एका आजोबांनी त्यांचं एक दाखवलं. वर तोंड एवढंसं, माणूस अंग चोरून उतरेल इतकंच. आत मात्र कंदिलाच्या काचेसारखं पोट सुटलेलं. वाकून बघितलं तर गार माती आणि हळदीचा जुना वास एकदम नाकात आला. तिथेच जमिनीवर बसून वहीची सात पानं भरली.

त्यातून पाउच निघालं. रंग मातीचा, आणि मधोमध पेवाच्या आकाराची पारदर्शक खिडकी, म्हणजे हळद पेवात भरून ठेवल्यासारखी दिसावी. ‘हळद’ हा शब्द ब्रशने हाताने काढला. ‘ळ’चे दोन गोल हळकुंडाच्या पेरांसारखे. डाव्या गोलाखाली ब्रशचा एक केस निसटला आणि शाईत बारीक पांढरी चीर राहिली. पुसणार होते, मग ठेवली, कारण हळकुंड मोडलं की अशीच रेघ दिसते. मागची बाजूही पूर्ण लावून दिली: एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) चौदा आकडी क्रमांक, हिरवा ठिपका, निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, ग्राहक तक्रारीचा पत्ता, सगळ्याची जागा ठरवून. मुलगी झोपल्यावर रोज रात्री थोडं थोडं, नऊ रात्री, २६ तास. जेपेग व्हॉट्सॲपवर पाठवल्या.

"छान आहे, घरच्यांना दाखवतो." तीन आठवड्यांनी, "भावाला तितकंसं पटलं नाही." असतं असं. मी वही मिटली.

ऑगस्टमध्ये गणपतीचं सामान आणायला नेहमीच्या किराणा दुकानात गेले. मांडणीवर ते पाउच. मातीचा रंग काढून लाल केलेला, खिडकी तीच. मी हातात घेऊन ‘ळ’ बघितला. डाव्या गोलाखाली ती चीर होती. दुकानदार विचारत होता, किती देऊ. मला बोलताच येईना.

रात्री फोन केला. शेठ रागावले नाहीत, उलट समजावून सांगावं तसं बोलले. "ताई, कल्पना काय कुणाच्या बापाची असते होय? आणि आम्ही सौद्याला हळदीचा नमुना फुकटच दाखवतो की. गिऱ्हाईक बघतं, हातात घेतं, नको असलं तर पुढे जातं. तुम्ही नमुना दाखवला, आम्ही बघितला." मी काही बोलू शकले नाही. चुकीचं आहे हे कळत होतं, पण कुठे चुकतंय ते सांगता येत नव्हतं. फोन ठेवून ओट्याशी उभी राहिले. आजही ते वाक्य आठवलं की पोटात कालवतं.

आता प्रश्न. तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याचा मेसेज आलाय. अर्धा किलो आणि एक किलोच्या पाउचसाठी तीन वेगवेगळे नमुने, शुक्रवारपर्यंत. हाच मेसेज आणखी चौघांना गेलाय, हे त्यांनीच सांगितलं. ज्याचं पसंत पडेल त्याला १५,०००, बाकीच्यांना काही नाही. माणूस वाईट नाही, बोलणं सरळ आहे. त्यांना ही पद्धत अशीच असते असं मनापासून वाटतं.

बाबा म्हणतात, "इथे सगळे एकमेकांच्या पाहुण्यातले. नाही म्हणालीस तर लई मिजास आहे म्हणतील आणि पुढची चार कामं जातील." जूनमध्ये शाळेची फी आहे. काम मला हवंच आहे. पण पाच जणांनी रात्री जागायचं आणि चौघांनी रिकाम्या हाताने उठायचं, हे मला आता जमत नाही. हात कागदावर जातच नाही.

नाही कसं म्हणू, की काम तुटणार नाही? आणि त्या हळदीच्या पाउचबद्दल आता काही करता येतं का, की सोडून द्यायचं?

---

मिरजेचा छापखाना

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. मला आधी माझं सांगू द्या.

मी २८ वर्षं छापखाना चालवतो. हँडबिलं, बिलबुकं, पत्रिका, आता लेबलं आणि पाउचची कामं घेऊन बाहेरून छापून आणतो. माझ्या दुकानावर कितीतरी वर्षं पाटी होती, ‘छपाईवर डिझाईन मोफत’. शेजारच्याने लावली म्हणून मी लावली. मोफत काही नव्हतं, कोरलवर, म्हणजे डिझाईनच्या सॉफ्टवेअरवर, बसणाऱ्या मुलाचा पगार मी छपाईच्या दरात घालत होतो. पण गिऱ्हाइकाला काय कळलं? डिझाईन म्हणजे पेढ्यावरचा पिस्ता, वरून टाकतात तसा. आज तुमच्यासारख्या मुलीकडे माणूस येतो आणि फुकट मागताना त्याला लाज वाटत नाही, त्यात आमच्या पाट्यांचा हात आहे. मी ती पाटी तीन वर्षांपूर्वी काढली.

आणि दुसरं, जे सांगायला जड जातं. जेपेगवरून पाउच छापता येत नाही. व्हॉट्सॲपवरून आलेली फाईल दाबली जाते, सिलेंडरला, म्हणजे छपाईच्या रुळाला, ओपन फाईल लागते, रंग वेगळे केलेली, अक्षरांचे कर्व्ह केलेली. म्हणजे तुमची जेपेग समोर ठेवून कुणीतरी रात्री बसून ती जशीच्या तशी गिरवलीय. चीरसुद्धा गिरवलीय, कारण त्याला ती काय आहे ते माहीतच नव्हतं. असली कामं आमच्याकडे येतात. "हे असंच करून द्या" म्हणून पार्टी मोबाईल पुढे करते. मी पूर्वी करून दिलेली आहेत. कुणाचं आहे हे विचारलं नाही. तुमची पोस्ट वाचली आणि त्यातली दोन कामं डोळ्यांपुढे आली. आता विचारतो. ‘हे कुणी केलंय, त्यांची फाईल आणा’ म्हणतो. काही जण परत येत नाहीत, न येवोत.

एक गोष्ट लक्षात घ्या. पाउच ग्रॅव्हरवर छापायचं तर प्रत्येक रंगाला एक सिलेंडर. चार रंग, वर तुमचा खास मातीचा रंग, वर पांढरा, झाले सहा. लोखंडी रूळ, त्यावर तांब्याचा थर, त्यात कोरलेलं चित्र. त्याचे पैसे पार्टी आगाऊ मोजते. एक पाउच छापून व्हायच्या आधी. कधी कुणी म्हणालं नाही, सिलेंडर करून दाखवा, आवडला तर पैसे. रूळ डोळ्यांना दिसतो, हाताला जड लागतो. तुमच्या २६ तासांचं वजन कुणी उचललेलं नाही. त्यामुळे ते तुम्हालाच दाखवावं लागणार. कोटेशनमध्ये नुसतं ‘डिझाईन’ लिहू नका. बाजारातली पाउचं बघणं, कच्ची स्केचं, अक्षर, मागची माहिती, छपाईची फाईल, असं ओळीओळीने लिहा. मी हे लिहायला लागल्यापासून माझ्याकडे घासाघीस कमी झाली. थांबली नाही, कमी झाली.

---

तासगावचा पोरगा

ताई, राग मानू नका, पण माझं थोडं वेगळं मत आहे. मी २३ वर्षांचा आहे, कुठल्या कॉलेजात शिकलो नाही, मोबाईलवर आणि मग चुलतभावाच्या लॅपटॉपवर शिकलो. पहिलं वर्षभर सगळं फुकट केलं. गणपती मंडळाचे बॅनर, कुस्त्यांच्या मैदानाची पोस्टरं, मामाच्या बेदाणा शेडचं लेबल. त्यातलं बघूनच पुढची कामं आली. फुकट केलं नसतं तर मला कुणी विचारलं असतं? तुमच्याकडे पुण्याची सहा वर्षं आहेत, आमच्याकडे काय आहे? आम्ही नाही म्हणालो तर काम दुसऱ्याला जाणार, बस.

आणि स्पर्धांचं काय? स्वच्छ भारतचा गांधीजींच्या चष्म्याचा लोगो आपल्या कोल्हापूरच्या माणसाने स्पर्धेतूनच जिंकला ना?

तो बेदाण्याचा मेसेज मलाही आला आहे. त्या पाचांत मी आहे. मी करायला बसलोच होतो, तेवढ्यात हे वाचलं.

---

साताऱ्याचा चित्रकला मास्तर

पोरा, तू मोकळेपणाने सांगितलंस ते फार चांगलं केलंस. मी ३१ वर्षं मुलांना शिकवलं, आता निवृत्त आहे. तुझ्यासारखी पुष्कळ मुलं माझ्या हाताखालून गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मंडळाचा बॅनर तू दिलास, ती तुझी वर्गणी. कुणी पैसे देतं, कुणी मांडव घालतं, तू बॅनर दिलास. मामाचं लेबल घरचं. दोन्हीत काय द्यायचं ते तू ठरवलंस, एकट्याने केलंस, आणि केलं ते लागलं. तुझ्याशेजारी आणखी चार पोरं तोच बॅनर करत बसली नव्हती. शिकायला फुकट करायचं तर जरूर कर. नसलेल्या कंपनीचं पाउच कर, गावच्या जत्रेचं पोस्टर कर. ते तुझं राहतं, दहा जणांना दाखवता येतं. ज्याला त्यातून नफा कमवायचा आहे त्याच्यासाठी, त्याच्या नावाचं, त्याच्या मापाचं काम फुकट करणं ही वेगळी गोष्ट आहे.

आता स्पर्धा. स्वच्छ भारतचं बोधचिन्ह कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचं, २०१४ ची स्पर्धा, बक्षीस ५०,००० रुपये. आपल्या भागाला अभिमान वाटावा असंच ते काम आहे. मी वर्गात कितीदा फळ्यावर काढून दाखवलंय, दोन काचा आणि नाकावरचा पूल, एवढ्यात सगळं सांगितलं. पण त्या वेळी बोधचिन्हासाठी सतराशेच्या वर प्रवेशिका आल्या होत्या. एक निवडली गेली. राष्ट्राच्या कामासाठी कुणी आपणहून भाग घेतला तर मी त्याला अडवणार नाही. पण बेदाण्याचं पाउच म्हणजे राष्ट्रकार्य नव्हे.

रुपयाच्या चिन्हाचंही सांगतो, कारण त्यात शिकण्यासारखं आहे. २००९ ला अर्थ मंत्रालयाने स्पर्धा जाहीर केली. तीन हजारांवर प्रवेशिका आल्या. त्यातले पाच जण शेवटच्या फेरीसाठी निवडले. त्या पाचांना प्रत्येकी २५,००० रुपये मिळाले, आणि ज्यांचं चिन्ह १५ जुलै २०१० ला मंत्रिमंडळाने मंजूर केलं त्या उदयकुमार यांना अडीच लाख. बाकी हजारोंच्या हाती काही आलं नाही, ते मला तेव्हाही खटकलं होतं. पण पाचच जण उरल्यावर सरकारनेही पाचांना पैसे दिले. तासगावच्या शेठनी पाचच माणसं बोलावली आहेत. त्यांनी पाचांनाही थोडं थोडं द्यावं, किंवा एकालाच बोलावून नीट द्यावं. हे त्यांना सांगता येण्यासारखं आहे.

डिझायनरांची एक आंतरराष्ट्रीय परिषद आहे. १९६३ साली इकोग्राडा या नावाने सुरू झाली. मोबदल्याशिवाय काम करून मग निवड होण्याची वाट बघायची या पद्धतीला तिचा पूर्वीपासून विरोध आहे. विरोधाचं कारण नुसता पैसा नाही. फुकट काम करणारा माणूस गिऱ्हाइकाला प्रश्न विचारत नाही, हरिपूरला जात नाही. तो अंदाजाने तीन चित्रं टाकतो आणि नशिबावर सोडतो. त्यात शेठचंही नुकसान आहे, त्यांना फक्त चित्रं मिळतात, विचार मिळत नाही. कृष्णाकाठची ताई पेवात वाकून बघत होती. पाच नमुने मागवणाऱ्याला असलं वाकणं कधीच मिळणार नाही.

---

जिल्हा न्यायालय, विजयनगर

मी वकिली करतो. इथे लिहितोय तो सर्वसाधारण खुलासा समजा, कागद बघितल्याशिवाय पक्का सल्ला देता येत नाही.

शेठ अर्धं बरोबर बोलले. कल्पनेवर हक्क नसतो. पेवाच्या आकाराची खिडकी ही नुसती कल्पना म्हणून उद्या कुणीही वापरू शकेल. पण तुम्ही काढलेली आकृती, तुमची मांडणी, तुमच्या हातचं ते अक्षर, ही कलाकृती आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे तिचा पहिला हक्क तुमचा. कलम १७ मध्ये अपवाद आहेत. नोकरीत असताना केलेलं काम मालकाचं होतं, पैसे देऊन करवून घेतलेल्या काही प्रकारच्या कामांचंही तसंच. तुम्ही नोकर नव्हतात आणि एक रुपयाही मिळालेला नाही. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि तुमच्या सहीने करावा लागतो. व्हॉट्सॲपवर जेपेग पाठवली म्हणजे हक्क दिला असं होत नाही. नोंदणी नसली तरी हक्क असतो. नोंदणी असली तर पुराव्याला सोपं जातं, एवढंच.

तुमची ती चीर मला फार महत्त्वाची वाटते. दोन माणसांना एकच कल्पना सुचली असं म्हणता येतं. दोघांच्या ब्रशचा केस एकाच जागी निसटला असं म्हणता येत नाही. हरिपूरची वही, मूळ शाईचा कागद, तारखांसह फाईली, आणि ती सगळी व्हॉट्सॲपची बातचीत जपून ठेवा. फोन बदलला तर जुना विकू नका. दुकानातून एक पाउच बिलासह विकत घ्या. मग आधी साधं पत्र, टपालाने, पोच पावतीसह. आरोप नको, हकीकत लिहा, योग्य ती फी मागा. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. दावा करायची वेळ आलीच तर तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात करता येतो, आणि मुदत तीन वर्षांची असते. त्यामुळे सोडून द्यायची घाई नको.

आणखी एक बघा. त्यांनी ते लेबल ट्रेडमार्क म्हणून टाकलंय का, मसाल्यांचा वर्ग ३०, ऑनलाइन शोधता येतं. ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यापासून चार महिन्यांत हरकत घेता येते.

पुढच्या कामांसाठी उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) करून टाका, मोफत आहे. नोंदणी कामाच्या आधीची हवी. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचं बिल कराराप्रमाणे, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज. मात्र हे ठरलेल्या आणि स्वीकारलेल्या कामाला लागू. ‘आवडलं तर बघू’ यात ठरलेलंच काही नसतं, म्हणून तिथे कायदाही फारसा हात देत नाही.

---

अडत्याचा मुलगा (मार्केट यार्ड, सांगली)

मी दुसऱ्या बाजूचा आहे. आमची हळदीची अडत आहे, आजोबांपासून. ताईंना त्या फोनवर जे उत्तर सुचलं नाही ते मी देतो, कारण नमुन्याची भाषा आमची आहे.

सौद्याला आम्ही हळद दाखवतो ती आधी पिकलेली, शिजवलेली, वाळवलेली, पॉलिश केलेली असते. गिऱ्हाईक मूठभर हातात घेतं, हळकुंड मोडून आतला रंग बघतं, पुढे जातं. तो गेला तर तीच हळद पुढच्याला विकली जाते. दाण्याचंही नुकसान होत नाही. म्हणून नमुना फुकट परवडतो. आणि नमुना मुठीएवढा असतो. कुणी म्हणालं की आख्खी गाडी माझ्या गोदामात उतरवा, चार महिने वापरून बघतो, पसंत पडली तर पैसे, तर त्याला दाराबाहेर काढतील.

ताईंचा नमुना म्हणजे त्यांची जुनी कामं. ती त्यांनी शंभर जणांना फुकट दाखवावीत. शेठच्या नावाचं पाउच हा नमुना नव्हे, तो माल आहे, आणि शेठनी नको म्हटलं तर दुसऱ्या कुणाला विकताही येत नाही. शेठनी नमुना बघितला नाही, माल उचलला. यार्डात असं कुणी केलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याला कुणी उभं केलं नसतं. हे मी माझ्या वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरोबर आहे, पण तिने विसार का नाही घेतला?"

हेच माझं सांगणं. ‘ॲडव्हान्स’, ‘पिच फी’ म्हणू नका, व्यापारी बिचकतो. विसार म्हणा. जमिनीचा व्यवहार असो, बैल असो, विसार दिला की बोलणं पक्कं, हे आमच्या रक्तात आहे. विसार मागितला म्हणून कुणी मिजासखोर म्हणत नाही. उलट मागितला नाही तर वाटतं, याला आपल्या मालाची खात्री नाही.

---

तासगावचा पोरगा

मास्तर, वाचलं. मंडळाची वर्गणी हे बरोबर आहे, असा विचार केला नव्हता. मी शेठना फोन करून सांगितलं की तीन नमुने फुकट करणार नाही, आधीची कामं दाखवायला येतो. आवाज थरथरत होता. ते म्हणाले बघू. मामाला कळलं तर ओरडेल, पण आता सांगून टाकलं.

---

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार मानायचे आहेत, पण शब्द कमी पडतात. अडत्याच्या दादांचं उत्तर वाचून मी बराच वेळ रडले. सात महिने जे वाक्य घशात अडकलं होतं ते सुटलं. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

तासगावला मी हा मेसेज पाठवला. कुणाला उपयोग झाला तर घ्या.

"नमस्कार शेठ. तुमच्या बेदाण्याचं काम करायला मला मनापासून आवडेल. मी केलेली सात पाउचं घेऊन येते, हातात घेऊन बघा, त्याचे पैसे नाहीत. काम माझ्याकडे द्यायचं ठरलं तर ३,००० रुपये विसार. त्यात मी तुमच्या शेडवर येऊन माल बघीन, बाजारातली बाकीची पाउचं गोळा करीन आणि पेन्सिलने दोन दिशा दाखवीन. पुढे गेलो तर विसार १५,००० मधून वजा. नाही पटलं तर विसार माझा, स्केचं माझ्याकडे, आणि आपण चहा पिऊन उठू. फुकट तीन नमुने मी करत नाही, कारण तुमचा माल न बघता केलेलं पाउच तुमच्या कामाचं नसेल."

शुक्रवार गेला, काही नाही. शनिवारी बाबा माझ्याशी नीट बोलले नाहीत. रविवारी मी दोनदा मेसेज लिहून खोडला, की बरं, एक तरी करून देते. पाठवला नाही. सोमवारी सकाळी फोन आला. शेठ म्हणाले, दोघांनी नमुने पाठवले, दोघांचाही द्राक्षांचा घड सारखाच, नेटवरचा. ती काळी द्राक्षं होती आणि आमचा बेदाणा हिरवा. एक पोरगाही असंच म्हणाला म्हणे, आधी कामं बघा. मग विचारलं, "विसार कशावर पाठवू?" ३,००० आले. मंगळवारी अकराला शेडवर जातेय. रॅकवर माल आहे म्हणाले, अजून चार दिवस वाळायचा आहे, तर बघून घ्या. तासगावच्या भावा, तुझा फोन वाया गेला नाही. त्या पाउचवरचं शेडचं चित्र मला एकटीने जमणार नाही. मामाच्या शेडवर वाढलेला तू आहेस. त्याचे पैसे ठरवून येशील का?

हळदीचं पत्र वकीलसाहेबांनी सांगितलं तसं लिहिलं. पोच पावती परत आली, सही आहे. उत्तर अजून नाही. वर्ग ३० मध्ये शोधलं, त्या नावाने अजून तरी अर्ज दिसत नाही.

छापखान्याच्या काकांना एक विचारायचं आहे. बेदाण्यालाही खिडकी ठेवायचं मनात आहे. पांढऱ्याचा सिलेंडर वेगळा लागतो म्हणालात, मग खिडकीच्या जागी काय करायचं असतं?

---

मिरजेचा छापखाना

खिडकीच्या जागी पांढरा सोडायचा, फाईलमध्ये पांढऱ्याचा थर वेगळा दाखवा आणि त्यात खिडकीचा आकार कापून ठेवा. आतला थर साध्या पारदर्शक पॉलीचा सांगा. मेटलाईज्ड घेतलं तर खिडकीतून चांदीच दिसेल, बेदाणा नाही. आणि सीलच्या पट्टीपासून खिडकी थोडी आत घ्या, नाहीतर भरल्यावर कडेला सुरकुत्या पडतात. मापाचा कागद माझ्याकडून घेऊन जा, परवा दुपारी दुकानात आहे.